टेलाची पाळी

"मिस्टर कणसे, तुम्ही धरणवाले," असं म्हणून डॉ. हॅलव्हर्सनबाईंनी माझ्यापुढे निळं कार्ड ठेवलं आणि शेजारच्या बाकावरच्या मारिसोलला पिवळं दिलं. "आणि तू टोकाची. यांचं भागल्यावर जे उरेल ते तुझ्याकडे येणार. सहा आठवडे आहेत. दोघांनी मिळून करार करा."

फळ्यावर बाईंनी एक नदी काढली होती. जगाच्या नकाशात कुठेही नसलेली. वरच्या अंगाला माझा देश आणि माझं धरण, खाली मारिसोलचा देश. तिथे पोचेपर्यंत निळी रेघ तुटक तुटक झाली होती. ती तुटक रेघ बघून मला हसू आलं.

"का हसलात?" मारिसोलने विचारलं.

"चौतीस वर्षं मी हेच केलं," मी म्हणालो. "फक्त कार्ड नव्हतं."

खोटं नव्हतं ते. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका कालव्यावर मी कालवा निरीक्षक होतो. कुणाला कधी पाणी सोडायचं, कुणाची पाळी कधी, कुणाचं दार कधी बंद, हे माझ्या वहीत असायचं. गावात जावयाला मिळणार नाही असा मान मला होता आणि तो माझा नसून पाण्याचा आहे, हे निवृत्त झाल्यावर पंधरा दिवसांत कळलं.

पुढे बायको गेली. दोन हजार बारा साली मुलीने, मृणालने, मला कॅलिफोर्नियात तिच्याकडे बोलावून घेतलं. ते मधलं खोरं आहे. द्राक्षं, बदाम, टोमॅटो, आणि घरामागून वाहणारा सिमेंटचा कालवा. मी रोज सकाळी त्या कालव्याच्या काठाने फिरायला जायचो आणि पाण्याची पातळी किती हे उगाच मनात टिपून ठेवायचो. महिन्याभरात मृणाल वैतागली. "आप्पा, तुम्ही त्या कालव्यावर हजेरी लावताय का? लोक विचारतात मला."

मग तिने मला कम्युनिटी कॉलेजात घातलं. घातलं हाच शब्द बरोबर, पोराला बालवाडीत घालतात तसं. कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, तर ज्याला कुणालाही शिकायचंय त्याने यावं. वयाची अट नाही, मार्कांची नाही. दोन वर्षं तिथे शिकून, जमलं तर पुढची दोन मोठ्या विद्यापीठात. माहितीपुस्तकाच्या पानावर बोट ठेवून मृणाल म्हणाली, "हे घ्या. जागतिक आणि आंतरराष्ट्रीय अभ्यास. तुम्हाला पेपरातलं पान सात, परदेशी बातम्यांचं, वाचायची सवय आहेच." माझं बी.ए. दुसऱ्या वर्षाला सुटलं होतं, ते तिच्या लक्षात होतं. मला बरं वाटलं.

वर्गात बावीस जण. एकसष्ट वर्षांचा मी एकटा. माझ्याखालोखाल वयस्कर म्हणजे डेनिस, सैन्यातून परत आलेला, चाळिशीचा, कमी बोलणारा. आणि मारिसोल सत्तावीस वर्षांची. तिचे वडील मेक्सिकोतून इथल्या बागांत कामाला आले आणि बागांतच म्हातारे झाले. ती बदामाच्या कारखान्यात पहाटेची पाळी करून वर्गात यायची. सहा वर्षांची मुलगी होती तिला. वर्ग सुटला की ती मला तिच्या गाडीतून घरी सोडायची. त्या गाडीची माझ्या बाजूची काच वर चढत नसे, म्हणून मी कानटोपी घालून बसायचो आणि ती हसायची. तिला कणसे म्हणता येईना, म्हणून मी मिस्टर के झालो.

कराराच्या पहिल्याच बैठकीत मी भाव खाल्ला. वर्गातली पोरं टक्केवारीवर भांडत होती. तुम्हाला साठ, आम्हाला चाळीस, असं. मी उठलो आणि माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं की पाण्याचे वाटे टक्क्यांनी होत नसतात, पाळीने होतात. आणि पाळी टेलापासून सुरू करायची. टेल म्हणजे कालव्याचं शेपूट. आधी शेवटच्या शेताला, मग मधल्याला, शेवटी धरणाजवळच्याला. कारण वरच्याला पाणी कधीही चोरता येतं, खालच्याला येत नाही.

हॅलव्हर्सनबाईंनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. मारिसोलने वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "तुमच्याकडे खरंच असं करतात? टोकाला आधी?"

"नियमच आहे तसा. पुस्तकात छापलेला."

"नियम नाही विचारला मी. करतात का?"

मी बाहेर बघितलं. कालव्याच्या पुलावरून गाडी चालली होती.

"कधीकधी," मी म्हणालो.

तिने मान डोलावली आणि गाडी आमच्या गल्लीत वळवली. मला ती मुलगी त्या दिवसापासून थोडी अवघड वाटायला लागली आणि जास्त आवडायलाही.

चौथ्या आठवड्यात बाईंनी सांगितलं, की राज्यातल्या कॉलेजांची एक परिषद आहे. विद्यापीठात, इथून तीन तासांवर, शनिवारी. प्रत्येक कॉलेजाने जोड्या पाठवायच्या, एक वरचा देश आणि एक खालचा. जोडी पुरी असेल तरच मंचावर घेतात, एकट्यादुकट्याला नाही. समोर विद्यापीठाची निवड समिती बसते आणि ती मार्कांकडे न बघता बोलणं बघून काही जणांना पुढच्या दोन वर्षांसाठी घेते.

मारिसोलच्या चेहऱ्यावरून मला सगळं कळलं. मुलगी आजारी होती त्या वर्षी तिचे मार्क घसरले होते आणि घसरलेले मार्क कागदावरून पुसता येत नाहीत. सरळ अर्ज केला तर विद्यापीठ तिला उभं करणार नव्हतं. तिला हा एकच दरवाजा होता. हे तिनेच मला त्या दिवशी गाडीत सांगितलं, आणि आमच्या दाराशी गाडी थांबवून विचारलं, "मिस्टर के, तुम्ही माझ्याबरोबर याल? शनिवारी सकाळी साडेसहाला कॉलेजची व्हॅन निघते. तुमच्यासारखं धरण मला कुणी करून दाखवणार नाही."

बावीस जणांच्या वर्गात उठून बोलणं वेगळं आणि तीनशे लोकांपुढे मंचावर, माईकसमोर, इंग्रजीत बोलणं वेगळं. शब्द आठवला नाही तर? पोरं हसली तर? मला जायचं नव्हतं. शंभर टक्के नव्हतं. पण रोज घरी सोडणाऱ्या पोरीच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं? मग मी आयुष्यभर जे म्हणत आलो तेच म्हणालो. मान थोडी हलवली, हसलो आणि म्हणालो, "वुई विल सी."

बघू.

या शब्दाचा अर्थ आपल्या माणसाला सांगावा लागत नाही. स्थळ घेऊन आलेल्याला, वर्गणी मागायला आलेल्याला, बदली मागणाऱ्याला, सगळ्यांना आपण बघू म्हणतो आणि तो समजून उठतो, चहाचा कप खाली ठेवतो. कुणाचं मन मोडत नाही, कुणाचं तोंड कडू होत नाही. मी तर या शब्दावर चौतीस वर्षं नोकरी केली.

मारिसोलने टाळी वाजवली. "ओ, थँक यू, मिस्टर के!" असं म्हणून तिने मला अर्धी मिठी मारली.

मी घरात जाताना विचार करत होतो, काय माणसं आहेत ही! नकाराने एवढा आनंद झालेला मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. वाईट वाटू नये म्हणून करत असेल, असं मी ठरवून टाकलं.

गुरुवारी वर्ग सुटताना ती परत म्हणाली, "शनिवारी, साडेसहा."

मला वाटलं, आग्रह करतेय. आपल्याकडे नाही का, येणार नाही हे माहीत असूनही बारशाला "नक्की या हं" म्हणतात. आग्रहाला उत्तर द्यायची रीत मला पाठ होती. "बघू, बघू," मी म्हणालो. इंग्रजीत, दोनदा. दोनदा म्हटलं की नकार पक्का होतो.

"तुम्ही ना!" ती हसत म्हणाली. "साडेसहा. कानटोपी आणू नका, व्हॅनच्या काचा चढतात."

शनिवारी मी नेहमीसारखा साडेपाचला उठलो, चहा घेतला आणि कालव्यावर फिरायला गेलो. फोन घरीच राहिला. तसाही तो मृणालचा जुना फोन, मला त्याची सवय नव्हती. त्या दिवशी कालव्याला पाणी चांगलं होतं. मी लांबपर्यंत गेलो, पाणी सोडायच्या एका दाराशी उभा राहून ते कसं उघडतं हे बघत बसलो. परत आलो तेव्हा आठ वाजून गेले होते.

मृणाल दारातच उभी होती. हातात माझा फोन.

"आप्पा, अकरा कॉल. मारिसोलचे. बाराव्याला मी उचलला. व्हॅन तुमच्यासाठी सात वाजेपर्यंत थांबली होती. मग गेली. ती नाही गेली, तिला एकटीला घेणार नव्हते. तुम्ही तिला येतो म्हणून सांगितलं होतंत?"

"छे! मी कुठे हो म्हणालो होतो?"

"मग काय म्हणालात?"

"बघू म्हणालो."

मृणाल चौदा वर्षं त्या देशात होती. "मराठीत म्हणालात?"

"मराठीत कसं म्हणेन? इंग्रजीत. वुई विल सी."

ती तिथेच पायरीवर बसली. "आप्पा, अहो, इकडे बघू म्हणजे बघू असतं."

"म्हणजे?"

"म्हणजे खरंच बघतो, जमवतो, असं. आणि तुम्ही हसून म्हणाला असाल, मान हलवून."

"मग नाही कसं म्हणतात इकडे?"

"नाही असंच म्हणतात, आप्पा."

मी बूट काढायला वाकलो होतो, तसाच थांबलो. मला पहिल्यांदा राग आला, तोही त्या पोरीचा. एवढं कळू नये? मी हो म्हटलेलं नसताना ही उभी कशी राहिली? मग डोळ्यांपुढे कॉलेजचं रिकामं आवार आलं आणि त्यात फोन कानाला लावून उभी असलेली मारिसोल दिसली. कारखान्यातली पाळी सोडून आली होती ती, चांगले कपडे घालून. बारा वेळा फोन केला होता तिने.

"मला तिच्याकडे सोड," मी मृणालला म्हणालो.

मारिसोलचं घर गावाच्या शेवटी, कालव्याची शेवटची चारी, म्हणजे शेताकडे जाणारा पाट, जिथे मातीत मिटून जाते तिथे होतं. चाकांवरची घरं असतात तिकडे, तसलं. चारी कोरडी होती. तळाला वाळलेलं गवत आणि दोन प्लास्टिकच्या बाटल्या. तिच्या आईने दार उघडलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला स्पॅनिश येत नव्हतं. तिने पदरासारख्या ॲप्रनने खुर्ची पुसली आणि मला बसवलं. ते मला फार लागलं. मला वाटलं होतं, दार लावून घेतील.

मारिसोल आतून आली. निळा कोट, केस नीट बांधलेले. अजून कपडे बदललेले नव्हते.

मी माफी मागितली. बघू या शब्दाची सगळी कथा सांगितली, आपल्याकडे त्याचा अर्थ काय, तो कसा वापरतात, त्यात कुणाला फसवायचं नसतं, उलट मन राखायचं असतं. ती ऐकत होती. मधेच एकदा तिच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं, पण आलं नाही.

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, की तुम्ही येणार नाही."

"हो."

"गाडीत होतो तेव्हाच?"

"हो. मला भीती वाटत होती. मंचाची."

"तेच सांगायचं होतं ना मग." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मिस्टर के, तुम्ही नाही म्हणाला असता, तर मी डेनिसला विचारलं असतं. डेनिस तयार होता. त्याने मला दोनदा विचारलं. मी त्याला म्हणाले, माझ्याकडे मिस्टर के आहेत."

वाक्य ओळखीचं होतं. तेच, असंच, शब्दाला शब्द लावून मी आधी ऐकलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी.

सत्त्याऐंशी साल. आमच्या चौदा नंबरच्या चारीच्या टेलाला हौसाबाई काळे म्हणून एक बाई होती. दोन एकर रान. आदल्या वर्षी नवरा गेला होता. तो होता तेव्हा माझ्या कालव्याच्या चौकीवर तोच यायचा, तंबाखू मळत बसायचा, मी बघू म्हटलं की "बरं" म्हणून उठायचा. त्या दसऱ्याच्या सुमाराला पहिल्यांदा हौसाबाई आली. डोक्यावरचा पदर सावरत दाराबाहेरच उभी राहिली.

"साहेब, तिसरी पाळी टेलाला पोचंल का? पोचनार आसंल तर गहू धरते. न्हाईतर शाळू टाकते. शाळूला काय, जिमिनीतल्या वलीवर येतोय त्यो. पर त्याची येळ आता सरत आलीया."

माझ्या खिशात त्याच दिवशी आलेला कागद होता. धरणात पाणी कमी, दोनच पाळ्या, टेलाला तिसरी नाही. कागद जाहीर व्हायला अजून आठ दिवस होते आणि आधी बोललो असतो तर चारीवर बोंबाबोंब झाली असती, सगळे माझ्या चौकीवर आले असते. मी वहीतून मान वर न करता म्हणालो, "बघू."

साऱ्या चारीला माझ्या बघूचा अर्थ माहीत होता. तिला नव्हता. ती पहिल्यांदाच आली होती. तिने बघू म्हणजे साहेब बघतील असं धरलं आणि शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, वेळ जाऊ दिली. कागद लागला तोवर गव्हावाचून दुसरं काही पेरता येत नव्हतं.

गहू पोटरीत आला आणि वाळला. ती चौकीवर आली, तशीच दाराबाहेर उभी राहिली. भांडायला आली असेल म्हणून मी आवाज तयार ठेवला होता. ती एवढंच म्हणाली, "साहेब, तुमी न्हाई म्हनला आसता, तर म्या शाळू पेरला आसता."

आणि गेली. मी पाटकऱ्यांना, चारीवर पाणी सोडणाऱ्या माणसांना, म्हणालो, "मी कुठे हो म्हणालो होतो?" ते म्हणाले, "व्हय साहेब, तुमी कुटं हो म्हनला हुता?" विषय संपला. त्या वर्षी मला कुणी बोल लावला नाही, बढतीही वेळेवर झाली. टेलाला पाणी आधी द्यायचं, हे वाक्य मी नंतर कितीतरी प्रशिक्षणांत नव्या पोरांना सांगितलं. हौसाबाईचं वाक्य मात्र कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

"मिस्टर के?" मारिसोल म्हणाली. "बरं वाटत नाहीये का?"

"बरा आहे," मी म्हणालो. "पाणी दे थोडं."

सोमवारी मी हॅलव्हर्सनबाईंकडे गेलो आणि चूक माझी आहे, मारिसोलची नाही, हे सांगितलं. बाईंनी विद्यापीठाला लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. या वर्षीची यादी बंद झाली. पुढच्या वसंतात पुन्हा परिषद आहे, तेव्हा यावं.

वर्ष गेलं पोरीचं. बदामाच्या कारखान्यात आणखी एक वर्ष.

वर्ग सुटल्यावर ती आवारात गाडीशी उभी होती. मला वाटलं होतं, आता ती मला सोडणार नाही, मी बसच्या थांब्याकडे वळलो होतो. तिने हाक मारली आणि दार उघडून धरलं. आम्ही बसलो. गाडी सुरू न करता ती म्हणाली, "बाई म्हणतात पुढच्या वर्षी जा. पुढच्या वसंतात तुम्ही इथे असाल का?"

माझं मे महिन्याचं परतीचं तिकीट मृणालने काढून ठेवलं होतं. मला घरी जायचं होतं. पण त्या पोरीचं वर्ष मी घालवलं होतं आणि आता तीच विचारत होती. जिभेवर तो शब्द येऊन बसला होता. किती सोपा शब्द! तिला बरं वाटलं असतं, मला बरं वाटलं असतं, मे महिना अजून लांब होता.

"नाही," मी म्हणालो.

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"नाही. मी मे महिन्यात जाणार, परत येणार नाही. तू आजच डेनिसला विचार. उद्या नको, आज." "पण जाईपर्यंत रोज एक तास मी तुम्हा दोघांना शिकवीन. दार कसं चालतं, वरचा माणूस कुठे खोटं बोलतो, सगळं. हे नक्की."

ती म्हणाली, "हे बघूपेक्षा खूप बरं वाटतं, मिस्टर के." आणि गाडी सुरू केली.

डेनिसला धरण व्हायला वेळ लागला. सैन्यातला माणूस, सरळ. त्याला टाळाटाळ जमेना. मी त्याला सांगितलं, "तिने पाणी मागितलं की वहीतून मान वर करायची नाही." मारिसोल मला म्हणाली, "हे तुम्हाला कसं माहीत?" मी तिला हौसाबाईचं सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं आणि तेही परक्या भाषेत, बदामाच्या झाडाखाली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या बाई आहेत अजून?"

"असतील."

"मग माझी माफी मागायला तुम्ही त्याच सकाळी आलात. त्यांच्याकडे?"

मी डेनिसकडे वळलो आणि दाराचं पुढचं सांगायला लागलो. मी मे महिन्यात साताऱ्याला परत आलो.

पुढच्या एप्रिलात तिची मेल आली. ती आणि डेनिस परिषदेला गेले होते. तिने करारात पहिलंच कलम घातलं होतं, टेलाला आधी. आणि दुसरं कलम, पाणी मिळणार नसेल तर वरच्या देशाने पेरणीआधी तसं लेखी कळवावं. समितीतल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकाने विचारलं, की हे दुसरं कलम आम्ही कुठे वाचलेलं नाही, कुठून आणलंत? ती म्हणाली, हौसाबाईंकडून. तिला घेतलं होतं. ऑगस्टात ती विद्यापीठात जाणार होती. मेलच्या शेवटी तिने विचारलं होतं, "तुम्ही गेलात का?"

मी गेलो नव्हतो. जाऊ, बघू, असं वर्षभर चाललं होतं. तो शब्द मी आता स्वतःशीच बोलत होतो.

दसरा झाल्यावर चौथ्या दिवशी मी एसटीने गेलो. आधी कालव्याच्या ऑफिसात उतरलो. नवा निरीक्षक पोरगेलासा होता, माझं नाव ऐकून उठून उभा राहिला. मी त्याला एकच विचारलं, त्याने इकडेतिकडे बघत सांगितलं. मग मी चारीच्या कडेने चालत टेलाला गेलो.

हौसाबाई अंगणात शेंगा निवडत बसली होती. साठीची झाली होती, केस पांढरे. मुलगा रानात होता. तिने कपाळावर हात धरून मला बघितलं.

"कनसे सायब न्हवं?"

"हो."

"आत्ता गं बया! बसा की." तिने पोत्याची घडी पुढे सरकवली.

मी बसलो. सगळं पाठ करून आलो होतो, पण ऐनवेळी एवढंच बोलता आलं, "हौसाबाई, त्या वर्षी मला आधीच माहीत होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा कागद माझ्या खिशात होता. मी सांगितलं नाही."

ती शेंगा निवडत राहिली. एक शेंग फोडून दाणे बघितले, टाकून दिली.

"मला कळलं हुतं त्ये मागनं," ती म्हणाली. "आठ दिसांनी कागद चौकीवर लागला, त्यावर तारीक हुती. मी वाचाय शिकलेली न्हवते, पर पोरगं शाळंत जात हुतं."

पंचवीस-सव्वीस वर्षं तिला माहीत होतं. आणि त्या सगळ्या वर्षांत मी चारीवरून गेलो की ती रानातून हात वर करून रामराम करायची. डोळे भरून आले ते मी पुसले नाहीत.

"यंदा कसं हाय?" तिने विचारलं. "तुमाला ठावं आसंल. तिसरी पाळी येतीया का हिकडं?"

"नाही," मी म्हणालो. "ऑफिसात विचारून आलोय. यंदा टेलाला दोनच. तिसरी येणार नाही."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग रानाच्या बाजूला तोंड करून मोठ्याने हाक मारली, "आरं ए आनंदा! गव्हाचं ऱ्हाऊ दे. शाळूचं बी काड!"

लांबून मुलाने हात वर केला. ती गुडघ्यावर हात टेकत उठली, आत निघाली, उंबऱ्याशी थांबली आणि मागे वळून म्हणाली, "च्या टाकू का, का बघू म्हनताय?"

"टाका," मी म्हणालो.